ताटाशी बसणाऱ्या झाडेबाई

झाडेबाई माझ्या आधी नोकरीला लागल्या आणि माझ्या आधी निवृत्त झाल्या, एवढं सोडलं तर त्यांच्याविषयी छातीठोकपणे सांगावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही. मी गणिताचा मास्तर. उत्तर आलं की त्याच्याखाली दोन रेघा मारायच्या, हा माझा जन्मभराचा धंदा. झाडेबाईंच्या बाबतीत मला त्या रेघा कधी मारता आल्या नाहीत. शाळेतल्या वैशालीचं त्यांनी भलं केलं, की आधी नुकसान करून मग भलं केलं, की दोन्ही वेळा त्या नुसत्याच तिथे होत्या, हे मी आजवर तीन-चारदा ठरवलं आणि तितक्याच वेळा खोडलं.

आम्ही दोघंही हिंगणघाटचे आणि शाळा अल्लीपूरला. नव्वदनंतरची ती वर्षं. सकाळच्या एसटीत बाई नेहमी दाराजवळच्या सीटवर बसत. ठेंगणी मूर्ती, खणखणीत आवाज आणि खांद्याला रेक्झिनची फुगलेली पिशवी. त्या पिशवीत सुईदोरा, चष्मा, मुलींच्या वह्या आणि जर्मनच्या डब्यात चिवडा. कंडक्टरनं तिकिटाला हात पुढे केला की म्हणत, "घेतो नं बाप्पा तिकीट, पयले सांग, जेवला का?" सकाळी साडेनऊला कोण जेवतो? पण कंडक्टर, ड्रायव्हर, मागच्या सीटवरची अनोळखी म्हातारी, सगळ्यांना हा एकच प्रश्न. "नाही" म्हटलं की ओंजळीत चिवडा पडलाच. मला हा प्रकार मुळीच आवडत नसे. मी खिडकीबाहेर तुरी बघत बसायचो आणि तरीही माझ्या मांडीवरच्या रुमालात चिवडा येऊन पडायचा. "खा हो गणितवाले, हिशोब पोटानं होते, डोक्श्यानं नाई." असल्या वाक्यांना काय अर्थ असतो ते मला माहीत नाही, पण मी तो चिवडा खात असे.

बाई गृहविज्ञान शिकवत. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर समतोल आहाराचा रंगीत तक्ता होता, दूध-अंडी-डाळी-पालेभाज्यांचा, त्यांनी स्वतः चितारलेला. मुलींना त्यांचा धाकही होता आणि लळाही. वर्गात त्या शिकवत कमी आणि चौकशाच जास्त करत.

वैशाली त्यांची लाडकी. अल्लीपूरच्या बाजारगल्लीतल्या गुलाबशेठ किराणेवाल्यांची मोठी मुलगी, तेव्हा दहावीला. हुशार, अक्षर छापल्यासारखं, स्वैपाकाच्या प्रॅक्टिकलला पहिला नंबर. पोरगी पदार्थ करायची झकास आणि सगळ्यांना वाढायचीही आग्रहानं. स्वतःच्या ताटलीतलं मात्र मैत्रिणीला देऊन टाकायची. "आज माझा उपास आहे," म्हणायची. तिचा उपास नाही असा दिवसच हळूहळू उरला नाही. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार संतोषीमातेचा, आणि मधे एकादश्या, चतुर्थ्या. आमच्याकडे ह्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. उलट तिच्या आईला बाया म्हणायच्या की पोरगी देवगुणी निघाली. तिच्या हाताची हाडं दिसू लागली होती. ती मलाही दिसत होती. मी फळ्यावर प्रमेय लिहीत होतो.

त्या वर्षी नवरात्रात तिनं नऊ दिवस नुसत्या पाण्यावर काढले म्हणे. कोजागिरीला महिला मंडळानं तिचा सत्कार ठेवला. पुढाकार झाडेबाईंचा. मंडळाच्या त्या सल्लागार होत्या, आणि गावात शाळेच्या बाईंचा शब्द म्हणजे शब्द. देवळासमोर सतरंजी टाकली होती. बाईंनी वैशालीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, ओटी भरली आणि भाषण केलं. "आजकालच्या पोरी दिवसभर चरत राह्यतात. अन् हे पोरगी पाहा! एवढ्या वयात मनावर केवढा ताबा! इच्यापासून शिका जरा." मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. वैशाली हाराखाली मान घालून उभी होती. खूश दिसली. निदान मला तसं वाटलं.

जानेवारीत, सव्वीस तारखेच्या कवायतीच्या तालमीत, ती मैदानावर कोसळली.

आधी गावातले डॉक्टर झाले, मग अशक्तपणाची इंजेक्शनं, मग एका बाबाचा अंगारा, मग जिल्ह्यातला मोठा दवाखाना. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की पोटाला काही झालेलं नाही. हा मनाचा आजार आहे, तिला खाण्याची भीती वाटते, आणि हा जिवावर बेतणारा आजार आहे. नाव इंग्रजी होतं. गुलाबशेठ ते ऐकून गोंधळले. त्यांच्या दुकानात गहू-तांदळाच्या पोत्यांना जागा पुरत नव्हती आणि त्यांच्याच मुलीला अन्नाची भीती? ते मला म्हणाले, "मास्तर, सापाची भीती समजते. पोळीची भीती कशी असते जी?" मला तरी कुठे माहीत होतं.

झाडेबाई दवाखान्यातून आल्या त्या दिवशी एसटीत चिवड्याचा डबा उघडलाच नाही. कंडक्टरला काही विचारलं नाही. तिकीट पिशवीत टाकत म्हणाल्या, "सर, हार मीच घातला नं तिच्या गळ्यात?"

मी म्हणालो, "तुम्हाला काय माहीत होतं?"

"तक्ता मी काढला. भिंतीवर मी लावला. पोरगी त्या तक्त्याखाली बसून वाळून राह्यली होती, अन् मी तिले शाबासकी देत होती." मग माझ्याकडे वळून खेकसल्या, "अन् तुमी काऊन टाळ्या वाजवल्या?"

मी खिडकीबाहेरच्या तुरी बघू लागलो.

वैशाली दवाखान्यातून घरी आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काही गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. औषधं चुकवू नका, ठरल्या दिवशी दाखवायला आणा, वजनाचं आम्ही बघू, तुम्ही घरी काटा ठेवू नका. ताटावर भांडण नको, कौतुक नको, शरीराविषयी बोलणं तर अजिबात नको, कुणीतरी शांतपणे तिच्याबरोबर बसून जेवावं. हे शेवटचं गुलाबशेठच्या घरात जमेना. आई ताट पाहून रडायची, वडील दुकानातून ओरडायचे, आजी दृष्ट काढायची. तेव्हा बाईंनी ते काम अंगावर घेतलं. मधल्या सुट्टीत त्या आपला डबा घेऊन गुलाबशेठकडे जात, आणि रविवारी खास एसटीनं येऊन. गावाला वाटलं, बाई चार दिवस करतील. बाईंनी ते पावणेदोन वर्षं केलं.

पण पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. ताट पुढे आलं की वैशाली म्हणे, "बाई, मी सोळा सोमवार धरले आहेत. मधेच मोडले तर घरावर संकट येईल." सोमवार सरला की मंगळवार, तो सरला की गुरुवार. बाईंनी गोडीत सांगून पाहिलं, देवाच्या शपथा घातल्या. शेवटी पोरीनं त्यांनाच विचारलं, "तुमी वीस वर्षांपासून सोमवार करून राह्यल्या नं? मंग तुमचा तो उपास, अन् माह्यावाला आजार, कसा काय?"

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न बाईंनी एसटीत मला घातला, जणू मीच तो काढला होता. "सांगा नं सर. तुमी शिकलेले आहा." मी म्हणालो, तुम्ही संध्याकाळी सोडता, ती सोडत नाही. "मंग नवरात्रात पाण्यावर राह्यणाऱ्या बाया?" त्या नऊ दिवसांनी तरी सोडतात. "ह्या पोरीनं बी सोडला होता नं दहाव्या दिवशी, चमचाभर." बाईंनी कपाळाला हात लावला. "मले काईच समजून नाई राह्यलं बाप्पा."

समजलं नाही, पण हातपाय गाळून बसतील तर त्या झाडेबाई कसल्या. त्यांना एक सुचलं. व्रत मोडायचं नाही ना? मग ते पुरं करून टाकू. वैशालीनं धरलेल्या सगळ्याच्या सगळ्या व्रतांचं एकाच दिवशी उद्यापन करायचं, आणि मोकळं व्हायचं. देवळातले गुरुजी तयार होईनात. म्हणाले, सोळातले अकराच झालेले, अर्ध्या व्रताचं उद्यापन कोणत्या पोथीत आहे? बाई म्हणाल्या, "पोथीत नसन तर नसन. तुमी महादेवाले सांगा का पोरगी आजारी आहे, बाकीचे पाच सोमवार झाडेबाईनं आपल्या नावावर घेतले." गुरुजींनी दोन दिवस पोथ्या चाळल्या आणि आजारी माणसाला शास्त्रात सवलत आहे असं शोधून काढलं. मला वाटतं, पोथीपेक्षा बाईंचा आवाज त्यांना जास्त पटला असावा.

मेहूण म्हणून मी आणि माझी बायको. सोळा सोमवाराच्या उद्यापनाला चूरमा करतात, त्याचे तीन भाग. एक देवाचा, एक लोकांचा, आणि एक व्रत करणाऱ्यानं स्वतः खायचा. तो खाल्ल्याशिवाय व्रत पुरं होत नाही. बाईंची सगळी भिस्त ह्या तिसऱ्या भागावर होती. पाटावर बसण्यापूर्वी त्यांनी आम्हा सगळ्यांना दारामागे गाठून दम दिला होता, "तिच्या ताटाकडं कोणी पाह्यचं नाई. पाह्यलं तर माह्याशी गाठ आहे." त्यामुळे वैशालीनं चूरम्याला हात लावला तेव्हा बारा-पंधरा माणसं छताच्या पंख्याकडे बघत बसली होती. गुलाबशेठ भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले. गुरुजींनी डोळे मिटले. त्या खोलीत फक्त बाई खाली बघत होत्या, पण आपल्या ताटात, आणि सावकाश चावत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. माझी मान अवघडली. शेवटी पितळी वाटी ठेवल्याचा आवाज आला, आणि वैशालीची आई पदर तोंडात धरून आत पळाली.

आता ती खाऊ लागली, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ताट जसंच्या तसं.

बाई एसटीत रडल्या, मोठ्यानं. कंडक्टरनंच त्यांना पाणी आणून दिलं. पण आठेक दिवसांनी त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. पोरीला आता "उपास आहे" म्हणता येत नव्हतं. सगळे उपास फिटले होते. तेव्हा ती एक दिवस भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मले भेव लागते, बाई." पहिल्यांदाच म्हणाली. बाई म्हणाल्या, "लागू दे. मी बसली आहो." आणि त्या दिवशी अर्धी पोळी गेली. डॉक्टरीणबाईंना उद्यापनाची हकीगत कळली तेव्हा त्या आधी चिडल्या आणि मग हसल्या, म्हणाल्या की मी असं कधी सांगितलं नसतं, पण झालं ते झालं. म्हणजे ते बरोबर झालं की चूक? मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "मीबी हेच विचारलं त्याईले. थे म्हणे, पुढच्या महिन्यात पाहू."

ह्या पावणेदोन वर्षांत बाई बदलल्या. तिचे नावावर घेतलेले पाच सोमवार झाल्यावर वीस वर्षांचा स्वतःचा सोमवारही त्यांनी सोडला, कारण सोमवारी उपाशी राहून पोरीसमोर जेवा कसं म्हणणार? सोमवारी दिवसभर त्या अस्वस्थ असत, काहीतरी घरी विसरून आलेल्या माणसासारख्या. आणि "जेवला का" विचारणं त्यांनी बंद केलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की असं सारखं विचारू नये. वैशालीला विचारायचं नाही म्हणून त्यांनी ते साऱ्या जगालाच विचारणं थांबवलं. आता त्या कंडक्टरला "काय म्हणतं?" एवढंच विचारत, आणि तो बिचारा गोंधळून तिकीट फाडत असे. मला त्या चिवड्याची आठवण येई, हे मी त्यांना कधी बोललो नाही.

आणि संत वगैरे त्या मुळीच नव्हत्या. एकदा, वैशाली घास तासभर नुसती फिरवत बसली असताना, बाईंचा तोल गेला. "मरतं का मंग? मर एकदाची!" म्हणून त्यांनी ताट सरकवून दिलं. पोरगी पुढे चार दिवस काही बोलली नाही, आणि जे थोडंफार खात होती तेही सुटलं. पाचव्या दिवशी बाई दुकानाच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिल्या. आत जायची हिंमत होईना. मग आत गेल्या आणि मुलीची माफी मागितली. शाळेत साऱ्यांना धारेवर धरणाऱ्या बाईंनी दहावीतल्या पोरीची माफी मागितली, हे मला तिच्या वडिलांकडून कळलं. बाई हे कधी बोलल्या नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवांना त्या भाषणं करत फिरू लागल्या, तो प्रकार तर विचारू नका. अल्लीपूर झालं, मग जाम, मग कुणा नातेवाइकाच्या ओळखीनं थेट तळेगाव. वाण लुटायला आलेल्या बायांना त्या सांगत की आपल्या पोरी जेवतात का पाहा, पण जेव म्हणून मागं लागू नका. उपास करा, पण उपासाचं कौतुक करू नका. देव उपाशी ठेवत नाही, पण मी देवाच्या विरुद्धही नाही. बाया एकमेकींकडे बघत. एकदा एक म्हातारी उठून म्हणाली, "बाई, तुमी एक काय तं सांगा. उपास करू का नोको?" बाई माईक धरून उभ्या राहिल्या आणि खरं ते बोलल्या, "मले नाई माहीत, आजी." पुढच्या वर्षी जामच्या मंडळानं त्यांना बोलावलं नाही. गावात कुणी म्हणे बाई नास्तिक झाल्या, कुणी म्हणे दवाखान्याकडून कमिशन मिळतं.

पण तळेगावला भाषण संपल्यावर एक बाई चपला शोधायच्या निमित्तानं मागे रेंगाळली. तिनं हळूच विचारलं, "थे डॉक्टरीण कोनत्या दिवशी बसते जी?" बाईंनी दिवस सांगितला, पत्ता लिहून दिला, आणि पुढच्या आठवड्यात तिच्या बहिणीला घेऊन स्वतः दवाखान्यात गेल्या. अशा एकंदर किती आल्या, मला माहीत नाही. बाईंनी मोजल्या नाहीत, आणि मी मोजू म्हटलं तर रागावल्या.

वैशाली दहावीला एक वर्ष उशिरा बसली. पुढे वर्ध्याला कॉलेजात गेली, हॉस्टेलवर राहिली, आणि तिथे दुसऱ्या वर्षी पुन्हा जेवणावरून घसरली. फोन आला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये होतो. बाईंनी रिसीव्हर ठेवला आणि म्हणाल्या, "सगळं पाण्यात गेलं, सर." मी म्हणालो, सगळं कसं जाईल? हे मी धीर द्यायला म्हणालो होतो, मला काही ठाऊक नव्हतं. पण ह्या वेळी वैशाली आपल्या पायांनी दवाखान्यात गेली होती, कुणी नेलेलं नव्हतं. बाईंना त्यातला फरक कळायला दोन दिवस लागले.

त्यानंतर बाई निवृत्त झाल्या, आणि आमच्या भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या. दोन हजारनंतरचं दशक अर्धंअधिक सरलं असेल तेव्हा एक दिवस त्या अचानक माझ्या दारात उभ्या. "चला सर. वैशालीचं भाषण आहे जामले." ती समुद्रपूरकडे ज्युनिअर कॉलेजात शिकवत होती, आणि जामला हायवेजवळच्या मंगल कार्यालयात बायांचा मेळावा होता. बाई थकल्या होत्या, पण पिशवी तीच होती.

वैशाली बोलायला उभी राहिली. भरल्या अंगाची, चष्मेवाली बाई. ती म्हणाली, "मी बरी झाली असं मी म्हणत नाही. मी जेवते, एवढं म्हणते." मग तिनं हाराची गोष्ट सांगितली. माझ्या शेजारी बाईंनी मान खाली घातली. "हार कोणी घातला थे मी सांगत नाही," वैशाली म्हणाली, "त्या दिवशी तिथं जे कोणी असतं त्यानं घातला असता." आणि पुढे म्हणाली, "माह्या शाळेतल्या बाई रोज माह्या ताटाशी बसत. मले त्याईचा इतका राग ये! रविवारी सकाळी मी देवासमोर हात जोडून म्हणो, आज बाईची एसटी चुकू दे. एकदा खरंच चुकली. त्या दिवशी मी दुपारपर्यंत खिडकीत बसून राह्यली, अन् संध्याकाळी रडली." बाया हसल्या. बाई हसल्या नाहीत. कानामागे हात धरून नीट ऐकत होत्या.

कार्यक्रम संपला. पोह्यांच्या प्लेटा फिरू लागल्या. मागे खांबाजवळ एक आई आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. मुलीनं प्लेट घेतली नव्हती, आणि आई तिच्यावर दबक्या आवाजात चिडत होती. मला ते दिसायच्या आधी बाईंना दिसलं. त्या पिशवी माझ्या मांडीवर टाकून उठल्या आणि खुर्च्यांच्या रांगेतून भराभर निघाल्या. अर्ध्यावर पोचल्या आणि थांबल्या. वैशाली तिथे आधीच जाऊन पोचली होती. तिनं त्या आईला काहीतरी सांगून बाजूला पाठवलं, आणि स्वतः खांबाला टेकून जमिनीवर बसली, आपली प्लेट घेऊन. थोड्या वेळानं ती पोरगीही तिच्याजवळ बसली. दोघी बोलत नव्हत्या.

बाई रिकाम्या खुर्च्यांमध्ये उभ्याच. पुढे जावं की मागे यावं हे त्यांना कळेना. बाया त्यांना धक्के देत जात-येत होत्या. मग त्या परत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"जात नाही का?" मी विचारलं.

"थे बसली नं तिथं," त्या म्हणाल्या. "मी कायले जाऊ आता?"

त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं, हे मला चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. फाट्यावर आम्ही हिंगणघाटच्या गाडीची अर्धा तास वाट पाहिली. हिंगणघाटला उतरल्यावर त्यांची गल्ली एका बाजूला, माझी दुसऱ्या. त्या निघाल्या, चार पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "सर, मले लय भेव होतं. मी मेली तं हे पोरगी जेवणं सोडंन, असं वाटे. रोज वाटे." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "आता माह्याविना बी जेवंन थे." मी काही बोलायच्या आत त्या आपल्या गल्लीत वळल्या होत्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.